एफएमची ती एक ओळ

एफएमचे सिम्युलेशन बिघडते ते बहुतेक वेळा एकाच ओळीत. पुस्तकात लिहिलेले असते की आवाजाच्या चढउताराप्रमाणे कॅरिअरची फ्रिक्वेन्सी बदलते. विद्यार्थी ते शब्दशः घेतो. कॅरिअरच्या फ्रिक्वेन्सीत आवाजाची किंमत मिळवतो, बेरजेला २ पायने आणि वेळेने गुणतो, त्याचा कोसाइन घेतो आणि आलेख काढतो. लाटा कुठे दाट, कुठे विरळ दिसतात. जर्नलवर सही होते, ओरललाही तोच आलेख पुढे केला जातो आणि ओळ चुकलेलीच राहते.

सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे एसडीआर, हे एफएम शिकण्याचे आजचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परखड साधन आहे, असे माझे मत आहे. अट एवढीच की ही ओळ बरोबर लिहायची आणि मग सिग्नलवर नॉइज सोडायला कचरायचे नाही. पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी या पट्ट्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर ग्नू रेडिओ किंवा पायथन असतेच, एखाद्याकडे रेडिओचे सिग्नल पकडणारा डोंगलही असतो. शिवाय इथे बसून या विषयाचा आढावा घ्यायला आणखी एक सोय आहे. शेजारच्या कासारवाडीत नाशिक फाटा आहे. तिथून सुटणारा रस्ता चाकणवरून नारायणगावला जातो आणि एफएमच्या कहाणीतली दोन-तीन महत्त्वाची ठिकाणे याच रस्त्याच्या आजूबाजूला आहेत.

आधी थोडे मागे जाऊ. दापोडीला लागून असलेल्या खडकीतून आणि तिकडे दौंडहून १९२७ मध्ये इंग्लंडशी बीम वायरलेसची तारसेवा सुरू झाली. त्या काळचा रेडिओ म्हणजे सिग्नल चालू-बंद करणे किंवा त्याची उंची कमी-जास्त करणे. आकाशात वीज चमकली की तिचा धक्का थेट उंचीवर बसे आणि कानात कडकड होई. फ्रिक्वेन्सी हलवून आवाज पाठवण्याची कल्पना तेव्हाही होती, पण हेतू वेगळा होता. फ्रिक्वेन्सी अगदी थोडी हलवली तर स्टेशनला पट्ट्यात जागाही अगदी थोडी लागेल, अशी आशा होती. जॉन कार्सनने १९२२ मध्ये ही आशा गणिताने मोडली. डेव्हिएशन, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे हलणे, कितीही लहान ठेवा, जागा आवाजाच्या फ्रिक्वेन्सीच्या किमान दुप्पट लागतेच. त्यावरून या पद्धतीत काही फायदाच नाही असेही त्याने ठरवून टाकले. गणित चोख होते, निष्कर्ष घाईचा होता.

एडविन आर्मस्ट्राँगने वाट उलटी धरली. जागा वाचवण्याचा नाद सोडला, डेव्हिएशन मोठे घेतले आणि त्या बदल्यात नॉइजपासून सुटका मागितली. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला पेटंटे मिळाली आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेडिओ इंजिनिअरांच्या सभेत त्याने प्रात्यक्षिक दाखवले. पुढे आरसीए कंपनीशी पेटंटांवरून झालेली भांडणे, १९४५ मध्ये अमेरिकेने एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर हलवल्यामुळे आधीचे सगळे संच निकामी होणे आणि १९५४ मधली त्याची आत्महत्या, हा भाग बराच सांगितला जातो. मला त्याच्या यंत्रातला एक डबा जास्त महत्त्वाचा वाटतो. आर्मस्ट्राँगने सुरुवातीला फ्रिक्वेन्सी थेट हलवलीच नाही. त्याने आवाज आधी इंटिग्रेटरमधून, म्हणजे साठवत जाणाऱ्या सर्किटमधून काढला, त्या साठ्याने कॅरिअरची फेज किंचित हलवली आणि मग फ्रिक्वेन्सी अनेक पटींनी वाढवत डेव्हिएशनही तेवढ्याच पटींनी मोठे केले. विद्यार्थ्याच्या चुकलेल्या ओळीत नेमका हाच इंटिग्रेटर नसतो.

भारतात एफएम आले २३ जुलै १९७७ रोजी, आकाशवाणीच्या मद्रास केंद्रावरून. पुणे आकाशवाणी त्याच्या कितीतरी आधी, १९५३ पासून, मीडियम वेव्हवर होती. खासगी वाहिन्यांचे पर्व २००१ मध्ये बंगळुरूपासून सुरू झाले. आज पिंपळे गुरवच्या गच्चीवर ९१.१, ९३.५, ९५.०, ९८.३ आणि विविध भारतीचे १०१.० सहज लागतात. विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे.

एसडीआरची कल्पना साधी आहे. अँटेनाच्या जितके जवळ जमेल तितके सिग्नलचे आकडे करायचे आणि फिल्टर, डिमॉड्युलेटर, स्टिरिओ डिकोडर वगैरे सगळे गणिताने करायचे. जोसेफ मिटोलाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सॉफ्टवेअर रेडिओ' हे नाव रूढ केले. २००१ मध्ये एरिक ब्लॉसमने ग्नू रेडिओ सुरू केला, पण हार्डवेअर महाग होते. खरा फरक पडला २०१२ मध्ये. रिअलटेकची आरटीएल २८३२ यू ही चिप ज्या टीव्ही डोंगलांत असे, ते कच्चे ८ बिटचे आकडे थेट कॉम्प्युटरला देऊ शकतात हे अँटी पालोसारी यांच्या लक्षात आले आणि ऑस्मोकॉमच्या मंडळींनी त्यासाठी ड्रायव्हर लिहिला. टीव्ही बघायचे खेळणे सेकंदाला सुमारे २४ लाख सॅम्पल देणारा रिसीव्हर झाले. एवढ्या खिडकीत ९३.५ आणि ९५.० दोन्ही एकदम मावतात, ९८.३ आणि १०१.० मावत नाहीत. सॅम्पल रेट म्हणजे काय हे फळ्यावर समजावण्यापेक्षा पडद्यावरची ही खिडकी सरकवून लवकर कळते.

डोंगल नसला तरी अडत नाही. ग्नू रेडिओमध्ये डबे जोडून सगळी साखळी लॅपटॉपच्या पोटातच चालवता येते. फक्त थ्रॉटल नावाचा डबा विसरू नये. प्रत्यक्ष हार्डवेअर वेळेचे बंधन घालते. ते नसेल तर प्रोग्राम जमेल तितक्या वेगाने आकडे ओढत राहतो आणि लॅपटॉपचा पंखा बोंब मारायला लागतो.

आता ती ओळ. फ्रिक्वेन्सी म्हणजे फेज बदलण्याचा वेग आणि कोसाइनला हवी असते ती फेज. सोसायटीतल्या पाण्याच्या मीटरसारखे हे आहे. धार कमी-जास्त होते ती फ्रिक्वेन्सी आणि मीटरवर दिसते ते रीडिंग म्हणजे फेज. आत्ताच्या धारेला सकाळपासूनच्या तासांनी गुणून कोणी रीडिंग काढत नाही. दर क्षणी आले तेवढे पाणी आधीच्या रीडिंगमध्ये मिळवावे लागते. म्हणून एफएममध्ये आवाजाची आधी बेरीज करत जायची आणि ती बेरीज कोसाइनच्या आत टाकायची. पायथनमध्ये हे काम एका क्युम्युलेटिव्ह बेरजेचे आहे.

बेरीज न करता वेळेने गुणले तर काय होते? १ किलोहर्ट्झचा सूर घ्या आणि चुकीच्या सूत्राची तत्काळ फ्रिक्वेन्सी काढा. हव्या असलेल्या डेव्हिएशनखेरीज आणखी एक पद बाहेर पडते आणि ते वेळेबरोबर वाढत जाते. पहिल्या मिलिसेकंदाच्या शेवटी फ्रिक्वेन्सीचा झोका ठरवलेल्याच्या सुमारे ६ पट झालेला असतो, १० मिलिसेकंदांनंतर ६३ पट. आलेख बहुधा सुरुवातीच्या एक-दोन लाटांचाच काढला जातो, म्हणून चूक लपते. हाच सिग्नल अर्धा सेकंद चालवून त्याचा स्पेक्ट्रम पाहिला तर सगळा पट्टा चिखल झालेला दिसतो.

दुसरी नेहमीची अडचण सॅम्पल रेटची. साउंड कार्डच्या सवयीने ४८ किलोहर्ट्झ धरले जातात आणि डेव्हिएशन ब्रॉडकास्टचे, म्हणजे ७५ किलोहर्ट्झ. मग दोन सॅम्पलांच्या मध्ये फेज ५६२.५ अंश सरकू शकते. वर्तुळावरचा काटा दीड फेऱ्यांहून जास्त फिरून आला हे दोन सॅम्पल बघून कोणालाही सांगता येत नाही. त्याला तो अर्ध्या फेरीहून कमी, तोही उलटा सरकल्यासारखा दिसतो. सॅम्पल रेट पाचपट वाढवून २४० किलोहर्ट्झवर नेला की हेच सरकणे ११२.५ अंशांवर येते, १८० च्या आत, आणि साखळी चालू लागते. ग्नू रेडिओच्या फ्रिक्वेन्सी मॉड डब्यात सेन्सिटिव्हिटी म्हणून जो आकडा भरायचा असतो तो हाच कोन, रेडियनमध्ये: १.९६३. रिसीव्हरच्या क्वाड्रेचर डीमॉडचा गेन त्याचा व्यस्त, ०.५०९. हे दोन आकडे कुठून तरी उतरवून घेतलेले असतात. ते एकमेकांचे व्यस्त का आहेत हे विचारले की विषय कळला की नाही ते लगेच समजते.

काही जण ९८.३ मेगाहर्ट्झचा खरा कॅरिअरच सिम्युलेशनमध्ये घालायला जातात. त्यासाठी सेकंदाला २० कोटींच्या आसपास सॅम्पल लागतील आणि त्यातून शिकायला काही मिळणार नाही. एसडीआर स्वतःच कॅरिअर काढून टाकून आय आणि क्यू असे दोन आकडे देतो. सिम्युलेशननेही तिथूनच सुरुवात करावी. लांब चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये आणखी एक बारीक गोष्ट छळते. १०० किलोहर्ट्झचा इंटरमीडिएट कॅरिअर ठेवला तर १.६ सेकंदांतच साठलेली फेज १० लाख रेडियनच्या पुढे जाते. सिंगल प्रिसिजनमध्ये तिथे दोन लगतच्या आकड्यांमधले अंतर ०.०६२५ रेडियन असते, म्हणजे साडेतीन अंशांची पायरी. सिग्नल कोणी हात न लावता खरखरीत होतो. फेज दर वेळी २ पायच्या आत गुंडाळून ठेवली की त्रास संपतो.

साखळी बरोबर आहे की नाही याची कसोटी मात्र जुनीच आहे आणि माझ्या मते प्रत्येक जर्नलमध्ये ती सक्तीची हवी. एकाच सुराने एफएम केले की कॅरिअर आणि साइडबँड यांची उंची बेसेल फंक्शनप्रमाणे ठरते. डेव्हिएशन भागिले सुराची फ्रिक्वेन्सी, म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्स, २.४०५ झाला की कॅरिअर पूर्ण नाहीसा होतो. १० किलोहर्ट्झचा सूर घ्या, २४.०५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन द्या आणि २४० किलोहर्ट्झवर २४०० सॅम्पलांचा एफएफटी काढा. सुराच्या बरोबर १०० लाटा मावतात, त्यामुळे कडा सांडत नाहीत. शून्यावरची उभी रेघ गायब झाली पाहिजे आणि दोन्ही बाजूंना १० किलोहर्ट्झवर ०.५२ उंचीच्या रेघा उभ्या राहिल्या पाहिजेत. चुकीच्या ओळीला ही परीक्षा कधीच पास होता येत नाही.

कार्सनच्या नावाने आज जो नियम चालतो तोही इथेच तपासून घ्यावा. डेव्हिएशन आणि आवाजाची सर्वांत मोठी फ्रिक्वेन्सी यांची बेरीज करून दुप्पट करायची. मोनोला ७५ आणि १५ मिळून १८० किलोहर्ट्झ येतात. स्टिरिओचा पूर्ण सिग्नल ५३ किलोहर्ट्झपर्यंत जातो, म्हणून २५६. मग २४० चा सॅम्पल रेट स्टिरिओला तोकडा पडतो हेही लक्षात येते. नियम अंदाजाचा आहे. त्याच्या बाहेरही थोडी शक्ती सांडते आणि फिल्टर फार घट्ट केला की ती आवाजात विकृती होऊन परत येते.

रिसीव्हरकडचे गणित त्याहून सोपे आहे. आत्ताच्या सॅम्पलला आधीच्या सॅम्पलच्या कॉन्ज्युगेटने गुणायचे आणि गुणाकाराचा कोन घ्यायचा. कोन म्हणजे तेवढ्या वेळात सरकलेली फेज, म्हणजेच फ्रिक्वेन्सी, म्हणजेच आवाज. डब्यांच्या किट्सवर स्लोप डिटेक्टर किंवा पीएलएल जुळवताना स्क्रू ड्रायव्हर घेऊन जी कसरत व्हायची तिचे इथे एका ओळीत काम होते. कॉलेजच्या जुन्या किट्सची मला आठवण येत नाही. त्यांवर पोटेंशिओमीटर फिरवून एफएमची 'लहर' दिसायची, पण डेव्हिएशन किती ते सांगता येत नसे.

इथे पुण्यातल्या मुलांना एक खास खड्डा आहे. एफएममध्ये आवाजाचे वरचे सूर पाठवताना उचलले जातात आणि घेताना तेवढेच दाबले जातात. अमेरिकेत त्यासाठीचा टाइम कॉन्स्टंट ७५ मायक्रोसेकंद आहे, युरोपात आणि आपल्याकडे ५०. ग्नू रेडिओच्या तयार डब्यात ७५ गृहीत धरलेले असतात. तसाच ठेवून विविध भारती ऐकली तर दाबणे ३१८३ हर्ट्झऐवजी २१२२ हर्ट्झपासूनच सुरू होते आणि आवाज बसलेला वाटतो. सिम्युलेशनमध्ये दोन्ही टोके आपलीच असल्याने दोन्हीकडे ७५ असतात आणि काहीच कळत नाही. खऱ्या स्टेशनशी गाठ पडल्यावरच हे उघडे पडते.

डीमॉडनंतर लगेच फिल्टर न लावता स्पेक्ट्रम पाहिला तर आकाशवाणीचे इंजिनिअर ज्याला कॉम्पोझिट म्हणतात तो सिग्नल उलगडतो. १५ किलोहर्ट्झपर्यंत डावे अधिक उजवे, १९ वर पायलटची एकटी सुई, २३ ते ५३ मध्ये डावे वजा उजवे, आणि स्टेशन आरडीएस देत असेल तर ५७ वर एक लहान उंचवटा. ५७ हजार भागिले ४८ केले की आरडीएसचा वेग मिळतो, सेकंदाला ११८७.५ बिट. १९६१ मध्ये अमेरिकेने मान्य केलेली स्टिरिओची ही रचना आजही तशीच चालू आहे. मोनो रेडिओवर काही फरक पडू नये म्हणून ती अशी बेतली होती.

आता नॉइज. बहुतेक सिम्युलेशनांत तो नसतोच, आणि मग एफएम का, या प्रश्नाचे उत्तरच मिळत नाही. आय आडवा आणि क्यू उभा घेऊन ठिपके मांडा. शुद्ध एफएम म्हणजे एक पातळ वर्तुळ. उंची बदलत नाही, काटा फक्त पुढे-मागे फिरतो. यात नॉइज मिळवला की वर्तुळ जाड होते, कडे दिसू लागते. कड्याची जाडी आत-बाहेर जाते त्याचे रिसीव्हरला सोयरसुतक नाही, कारण तो फक्त कोन पाहतो. आर्मस्ट्राँगला हवी होती ती सुटका ही. सिग्नल हार्ड लिमिटरमधून काढून उंची सपाट केली तरी आवाज तसाच येतो. एएमवर तोच लिमिटर लावला तर आवाजच नाहीसा होतो.

नॉइज वाढवत गेलो की कडे जाड होत मध्यबिंदूला शिवते. इथे गंमत होते. एखादा ठिपका मध्याच्या पलीकडून वळसा घालून येतो आणि फेज एकदम २ पायने उडी मारते. फेजचा वेग म्हणजे आवाज, त्यामुळे ही उडी स्पीकरमध्ये 'टक्' अशी वाजते. सिग्नल नॉइजच्या १० डेसिबल वर असेपर्यंत एखादी टक् ऐकू येते. त्याखाली गेलो की त्यांची सर लागते आणि दोन-तीन डेसिबलमध्ये स्टेशन बुडते. एएम हळूहळू खराब होतो, एफएम कोसळतो. घाटात गाडीतला रेडिओ अचानक जातो तेव्हा हेच झालेले असते. पुस्तकातला थ्रेशोल्डचा आलेख पाठ करण्यापेक्षा हे कडे पाच मिनिटे जाड-बारीक करून पाहावे.

दोन स्टेशने एकाच फ्रिक्वेन्सीवर सोडण्याचा प्रयोगही करण्याजोगा आहे. दोघांत ६ डेसिबलचा फरक ठेवा. कमजोर स्टेशन मागे कुजबुजत राहत नाही, जवळजवळ पुसले जाते. म्हणूनच लोहगावला उतरणारी विमाने आजही कंट्रोल टॉवरशी एएमवर बोलतात. दोन वैमानिक एकदम बोलले तर दोघे बोलले हे टॉवरला कळले पाहिजे.

सिम्युलेशनमध्ये आणखी एक सोज्ज्वळपणा असतो: दोन्ही टोकांची घड्याळे एकच. डोंगलचा क्रिस्टल ५० पीपीएम चुकला तर १०० मेगाहर्ट्झवर ५ किलोहर्ट्झचा फरक पडतो आणि तो डीमॉडच्या बाहेर आवाजावर चढलेला डीसी म्हणून दिसतो. उपग्रहाच्या बाबतीत हा फरक स्थिरही राहत नाही. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, एक किलोहून कमी वजनाचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही सी-३४ मधून गेला. त्याचा सिग्नल ४३७ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात होता. तेवढ्या फ्रिक्वेन्सीवर खालच्या कक्षेतल्या उपग्रहाचा डॉपलर उगवताना अधिक १० आणि मावळताना उणे १० किलोहर्ट्झच्या घरात जातो. सिम्युलेशनमध्ये एक सरकता ऑफसेट घालणे हे दोन मिनिटांचे काम आहे, पण तो घातलेला प्रोजेक्ट क्वचितच बघायला मिळतो.

गाण्यांच्या वाहिन्या सोडल्या तर एफएम आज वेगळ्या वेषात वावरतो. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद केले म्हणून तो संपला असे नाही. जीएसएम मोबाइलचे जीएमएसके म्हणजे गुळगुळीत केलेल्या बिटांनी केलेला एफएमच, इंडेक्स ०.५ ठेवून. ब्लूटूथचा पाया तोच. उंची स्थिर असल्याने ट्रान्समीटरचा ॲम्प्लिफायर पूर्ण ताणून चालवता येतो आणि बॅटरी वाचते. आवाजाच्या जागी फिल्टर केलेले बिट टाकले की वर वर्णिलेली साखळी एक डबाही न बदलता डिजिटल होते.

नाशिक फाट्यावरून निघून चाकणला पोहोचलो की एफएमचा सर्वांत नवा उपयोग रस्त्यावर धावताना दिसतो. चाकणमध्ये तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत पुढच्या वाहनाचे अंतर मोजणारे रडार असते. अशी रडारे ७६-७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्यांत फ्रिक्वेन्सी एका सरळ रेषेत वर चढवत नेतात. या चढणीला चर्प म्हणतात. परत आलेला सिग्नल थोडा जुना, म्हणून थोड्या खालच्या फ्रिक्वेन्सीचा असतो. दोघांतला फरक म्हणजे अंतर. मायक्रोसेकंदाला ३० मेगाहर्ट्झ या वेगाने चर्प चढत असेल आणि पुढची गाडी ५० मीटरवर असेल, तर फरक येतो १० मेगाहर्ट्झ. १ गिगाहर्ट्झ इतका पट्टा झाडला तर एकमेकींपासून १५ सेंटिमीटरवरच्या दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतात. ७७ गिगाहर्ट्झची सॅम्पलिंग करायची गरज नाही. फरकाचीच करायची, आणि म्हणून लॅपटॉपवर हे सगळे सहज जमते.

सुरुवातीची ती ओळ इथे महागात पडते. चढती फ्रिक्वेन्सी वेळेने गुणून फेज काढली, बेरीज केली नाही, तर चर्पचा चढ बरोबर दुप्पट होतो. पाठवलेला आणि परतलेला, दोन्ही सिग्नल त्याच सूत्राने बनवलेले असल्याने सिम्युलेशन अगदी स्वच्छ, एकच टोकदार शिखर दाखवते. फक्त ५० मीटरवरची गाडी १०० मीटरवर दिसते. आवाजात ही चूक कानाला निदान खुपली असती.

चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकून नारायणगावला आलो की जवळच आर्वी आहे. तिथले विक्रम उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झाले आणि परदेशी फोन उपग्रहावरून बोलू लागले. इंटेलसॅटवरून तेव्हा टेलिफोनच्या अनेक वाहिन्या एकावर एक रचून तो सगळा गठ्ठा एफएम करून पाठवला जाई. कारण जीएसएमच्या हँडसेटचेच होते. उपग्रहातला ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीने चालवायचा तर सिग्नलची उंची स्थिर हवी.

आणि खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सर्वांत लांबच्या दोघींत सुमारे २५ किलोमीटर अंतर. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही दुर्बीण माझ्या लेखी महाराष्ट्रातला सर्वांत मोठा सॉफ्टवेअर रेडिओही आहे. २०१० च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी हार्डवेअरच्या कोरिलेटरऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरांच्या समूहावर सगळे गणित प्रत्यक्ष वेळेत करून दाखवले. तिसाही तबकड्यांचे सिग्नल आकड्यांत आणून एकमेकांशी ताडून पाहणारे ते सॉफ्टवेअर होते. पिंपळे गुरवच्या खोलीतल्या डोंगलमागचा विचार आणि हा विचार एकच, प्रमाण तेवढे वेगळे.

पण इथे एफएम शत्रू आहे. उन्नत जीएमआरटीचा सर्वांत खालचा पट्टा १२० मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतो, एफएमच्या कुंपणाला लागून. ८८ ते १०८ ची दुसरी हार्मोनिक १७६ ते २१६ मध्ये, थेट त्याच पट्ट्यात पडते. मग ती ट्रान्समीटरच्या चुकीने निर्माण होवो वा प्रचंड सिग्नलने रिसीव्हर ताणला गेल्यामुळे. विजेच्या तारांच्या ठिणग्यांसारखा क्षणिक गोंधळ उंचीवरून ओळखून, मेडियनच्या आधाराने कापता येतो. एफएमची उंची स्थिर असते, तो अशा चाळणीत सापडत नाही. जो गुण प्रसारणात वरदान ठरला तो इथे डोकेदुखी होतो. पुणे-नाशिक रेल्वेचा आधी आखलेला मार्ग दुर्बिणीजवळून जात असल्याने त्यावर हरकत आली, तीही अशाच व्यत्ययाच्या धास्तीने. एफएमवर प्रोजेक्ट करणाऱ्याने एकदा तरी उलट बाजूने सिम्युलेशन करावे: क्षीण नॉइजसारखा सिग्नल हाच खरा, आणि एफएम काढून टाकायचा. डिमॉड करून फेज ओळखायची, तोच सिग्नल पुन्हा बनवून वजा करायचा. किती डेसिबल वजा होतात ते पाहिले की आपले मॉडेल खऱ्याच्या किती जवळ आहे ते उघड होते.

डोंगल फक्त ऐकतो. ॲडल्म-प्लूटोसारखे पाठवणारे यंत्र हाती आले की प्रश्न कायद्याचा होतो. भारतात वायरलेसचा कायदा १९३३ चा, योगायोगाने आर्मस्ट्राँगच्या पेटंटांच्याच वर्षातला, आणि आता त्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. एफएमच्या पट्ट्यात परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे दोन्हींत गुन्हा आहे, मग ते शेजारच्या खोलीपर्यंतच जाणारे का असेना. दापोडीला लष्कराचे इंजिनिअरिंग कॉलेज आणि पलीकडे लोहगावचा विमानतळ असलेल्या भागात तर याबाबत हयगय नको. हौशी परवान्याची परीक्षा देऊन १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नॅरोबँड एफएम रीतसर वापरता येतो. ती परीक्षा अवघड नाही, आणि मला वाटते एसडीआर घेणाऱ्या प्रत्येक मुलाने ती द्यावी. तोवर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये अँटेना न लावता केबल लावावी आणि केबलमध्ये ३० डेसिबलचा ॲटेन्युएटर. थेट जोडले तर रिसीव्हरचे पुढचे टोक जळू शकते.